जड चाकांचा हिशेब : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे २०२३ ची जिम्नी आहे. कंपनीच्या १९५/८० आर १५ टायरांऐवजी मी दिवाळीत २३५/७५ आर १५ मापाचे ऑल-टेरेन (डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांसाठीचे) टायर आणि लोखंडी डिस्क (टायर ज्यावर बसतो तो चाकाचा धातूचा भाग) बसवल्या. बसवण्यापूर्वी धान्याच्या दुकानातील काट्यावर तोलून पाहिले, तेव्हा जुने चाक साडेअठरा किलोंचे आणि नवे साडेसव्वीस किलोंचे भरले. आंबेनळी घाटात पूर्वी जिथे तिसरा गिअर सहज चालायचा, तिथे आता दुसरा टाकावा लागतो. मित्र म्हणतात की चाकाचा एक किलो म्हणजे गाडीवरचे आठ किलो. हे खरे आहे का, आणि अलॉय (मिश्रधातूच्या डिस्क) बसवून गेलेली ताकद परत मिळेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : चाके तोलून मग प्रश्न विचारणारे वाचक विरळा, त्यामुळे आपल्या पत्राचे उत्तर देणे सोपे झाले आहे. आठपटीची गोष्ट खरी नाही. चाक गाडीबरोबर पुढे जाते आणि स्वतःभोवती फिरतेही, म्हणून वेग वाढवताना त्याला दोनदा ढकलावे लागते, हे बरोबर आहे. मात्र फिरण्याचा हा वाटा कितीही झाला तरी चाकाच्या मूळ वजनाइतकाच होऊ शकतो, आणि तोही सगळे वजन टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या कडेवर असेल तेव्हाच. प्रत्यक्षात टायरचे वजन बरेचसे कडेजवळ असते, डिस्कचे मात्र मध्याकडे येते. म्हणून चाकाचा एक किलो वेग वाढवताना दीड ते पावणेदोन किलोंसारखा वागतो आणि दोन ही त्याची कमाल मर्यादा आहे. चाक मोठे असले की हा गुणक वाढतो असेही अनेकांना वाटते, पण लहान असो वा मोठे, टायरची कड रस्त्याच्याच वेगाने धावत असल्यामुळे तसे होत नाही.

आता आपल्या गाडीचा हिशेब मांडू. चार चाकांवर प्रत्येकी ८ किलो म्हणजे ३२ किलो वाढले, ते दुपटीने धरले तरी ६४ होतात, आणि मागच्या दारावरची स्टेपनी फिरत नसल्यामुळे तिचे ८ किलो एकपटच धरायचे. एकूण ७२ किलो, म्हणजे सुमारे बाराशे किलोंच्या गाडीत सहा टक्के. पण हा आकडा सिग्नलवरून निघताना किंवा ओव्हरटेक करताना लागू पडतो. घाटात आपण एकसारख्या वेगाने चढत असाल, तर चाक फिरवण्याचा वेगळा खर्च उरत नाही आणि वाढलेले साधे ४० किलोच वर न्यायचे असतात, जे एका सडपातळ प्रवाशापेक्षाही कमी आहेत. तेवढ्याने तिसरा गिअर हातचा जात नाही.

तो नेला आहे व्यासाने. मापातील पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि तिसरा डिस्कचा व्यास इंचांत सांगतो. त्या हिशेबाने जुन्या टायरचा व्यास ६९३ मिलिमीटर होता, नव्याचा ७३३ च्या थोडा वर आहे, म्हणजे आपल्या गाडीचा प्रत्येक गिअर एका रात्रीत जवळजवळ सहा टक्क्यांनी उंच झाला, आणि रस्त्यावर मिळणारी ओढ तेवढी घटली. जिम्नीच्या दीड लिटर इंजिनाचा कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर) १३४ न्यूटन-मीटर, आणि तोही मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर मिळतो. अशा इंजिनाला खालच्या फेऱ्यांवर सहा टक्क्यांची उधारी झेपत नाही. त्यात ऑल-टेरेन टायरच्या जाड ठोकळ्यांचा रस्त्यावरचा अवरोध मिळवा. म्हणून अलॉय बसवून चाकामागे दोन किलो वाचवलेत तरी घाटात फरक जाणवणार नाही. २१५/७५ आर १५ हे माप घेतले असते तर व्यास जेमतेम दीड टक्क्याने वाढला असता आणि माझ्या मते या गाडीला तेच शोभते. आहे तेच टायर ठेवायचे असतील, तर दुसरा गिअर टाकण्यात कमीपणा मानू नये.

ब्रेकची बाजू मात्र दुर्लक्षून चालणार नाही. ब्रेकच्या तबकड्या आणि ड्रम तेवढेच राहिले आणि टायरचा हात लांब झाला, त्यामुळे पेडलवर तेवढाच पाय दिला तर रस्त्यावर पोहोचणारा रोध साडेपाच टक्क्यांनी कमी पडतो, आणि थांबवायचे वजन तर वाढलेले आहे. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरताना ही तूट आधी पायाला आणि नंतर नाकाला कळते. उतरताना पूर्वीपेक्षा एक गिअर खाली ठेवा. काटा ८० दाखवत असेल तेव्हा चाके पूर्वीच्या ८५ च्या हिशेबाने धावत आहेत, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : थारसाठी टायर घेताना दुकानदार त्याच मापात दोन पर्याय दाखवतो. एक साधा आहे आणि दुसरा ‘दहा प्लाय’चा, जो हातात घेतला तर सरळ पाच-सहा किलोंनी जड लागतो. ‘सह्याद्रीत फिरायचे तर दहा प्लायच घ्या’ असे त्याचे म्हणणे आहे. शिवाय अठरा इंची डिस्क चांगली की सोळा इंची?
— एक वाचक, पुणे

उत्तर : प्रथम एक गैरसमज दूर करू. दहा प्लाय म्हणजे आत कापडाचे दहा थर असतात असे नाही. टायर सुती धाग्यांचे असत त्या काळातील ही मोजणी आहे आणि आज ती केवळ वाहनक्षमतेची श्रेणी सांगते. या श्रेणीचे टायर मुळात भरलेल्या पिकअप आणि छोट्या मालगाड्यांसाठी बनतात. टायरच्या बाजूवर मापानंतर छापलेला आकडा पाहा. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो पेलतात, आणि १२१ म्हणजे १४५० किलो. आपली थार माणसे-सामानासह सव्वादोन टनांच्या घरात गेली तरी एका चाकावर सरासरी पावणेसहाशे किलोच येतात. वजन पेलण्यासाठी दहा प्लायची गरज नाही, हे इथेच स्पष्ट होते.

मग ते पाच-सहा किलो कशासाठी घ्यायचे? साइडवॉलसाठी, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीसाठी, आणि हे उत्तर अगदी टाकाऊ नाही. आपल्याकडचा काळा पाषाण फुटतो तेव्हा त्याला पात्यासारखी धार येते. घाटमाथ्यावरच्या गाडीवाटांवर टायर तळातून क्वचित फाटतो, चिरला जातो तो बाजूने, आणि बाजूची चीर पंक्चरवाल्याच्या बत्तीने भरून निघत नाही. कोकणातला जांभा त्या मानाने मवाळ, तो टायर घासतो पण सहसा कापत नाही. तेव्हा महिन्यातून दोनदा अशा दगडी वाटांवर जाणार असाल तर साइडवॉलमधले वजन हे सत्कारणी लागलेले वजन आहे.

त्याची किंमतही समजून घ्यावी. जाड बाजूंचा टायर थारसारख्या मध्यम वजनाच्या गाडीखाली पुरेसा दबत नाही. हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली की साध्या टायरची पोट सुटल्यासारखी बाजू फुगते आणि टेकणारी जागा लांबते. खडकावरची पकड आणि लडाखमधील नुब्राच्या वाळूतला तरंग दोन्ही त्या लांबीतून येतात. दहा प्लायचा टायर तेवढ्याच हवेला ताठ उभा राहतो, आणि त्याला नमवायला आणखी हवा काढावी लागते. खडबडीत कच्च्या रस्त्यावर तर तो चेंडूसारखा उसळतो, कारण स्प्रिंगच्या खाली असलेले वजन वाढले की शॉकॲब्सॉर्बरला प्रत्येक खाचेनंतर अधिक जड चाक आवरावे लागते. पत्र्याच्या पन्हाळींसारख्या आडव्या लाटा पडलेल्या रस्त्यावर तासभर गेलात, तर शॉकॲब्सॉर्बर इतके तापतात की हात लावून ठेवता येत नाही. थारचा मागचा एक्सल (दोन चाके जोडणारा आस) अखंड असल्यामुळे मुळातच जड आहे आणि तिथे पाच किलो त्या मानाने खपून जातात. पुढे मात्र दोन्ही चाके स्वतंत्र आहेत, तिथे ते आधी जाणवतात. माझे मत विचाराल तर, आठवड्याचे सहा दिवस कात्रज ते हिंजवडी करणाऱ्या गाडीला साधा टायरच घ्यावा.

डिस्कच्या बाबतीत मी निःसंकोच सोळा इंचीच्या बाजूने आहे. थारला कंपनीकडून आलेल्या मापांचीच तुलना करा. २४५/७५ आर १६ मध्ये रबराची उंची १८४ मिलिमीटर आहे, २५५/६५ आर १८ मध्ये १६६. अठरा मिलिमीटर रबराच्या जागी धातू आला आहे, आणि दगडावर आदळताना तेवढीच उशी कमी झाली आहे. अलॉय म्हणजे हलके हा समजही तपासून घ्यावा, कारण मोठ्या मापाची ओतीव अलॉय डिस्क लहान लोखंडी डिस्कपेक्षा जड निघणे मुळीच दुर्मीळ नाही. लोखंडी डिस्कचा खरा गुण वेगळा आहे : ती वाकली तर गावातला पंक्चरवाला घणाने ठोकून हवा धरेल इतपत सरळ करून देतो, अलॉय मात्र तडकते आणि मग टोइंगवाल्याची वाट पाहावी लागते.

प्रश्न : आमच्या गटातील एका जुन्या जीपचा पुढचा एक्सल-शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) चढावर मोडला. मेकॅनिकने जड मड-टेरेन (चिखलासाठीच्या) टायरना दोष दिला. नुसत्या वजनाने शाफ्ट कसा मोडेल?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नुसत्या वजनाने मोडत नाही, फिरत्या वजनाने मोडतो. जीप तिरकी अडकली, एक चाक अधांतरी राहिले आणि चालकाने ॲक्सिलरेटर दाबून धरला, हे दृश्य आपणही पाहिले असेल. दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या साध्या डिफ्रन्शियलमध्ये जमिनीवरचे चाक थांबलेले असते आणि हवेतले दुप्पट वेगाने फिरते, त्यामुळे गिअरबॉक्सवरून वेग मोजणाऱ्या जुन्या गाडीत काटा २० दाखवतो तेव्हा ते चाक ४० च्या वेगाने घुमत असते. मग गाडी किंचित कलते, घुमणारे चाक खडकाला धरते आणि क्षणात थांबते. त्याच्यात साठलेली ऊर्जा जायची कुठे? एवढ्या वेगाला ती ते चाक साडेचार मीटरवरून, म्हणजे दीड मजल्यावरून, खाली सोडण्याइतकी असते, आणि हा दणका शाफ्टच्या पिळात उतरतो. अठरा किलोंचे चाक त्या उंचीवरून पडणे आणि अठ्ठावीस किलोंचे पडणे यांत जो फरक आहे तोच शाफ्ट टिकण्यात आणि मोडण्यात असू शकतो. त्यातच मोठ्या व्यासामुळे खडकाची पकड लांब दांड्याने शाफ्ट पिळते.

मेकॅनिकचे म्हणणे तेव्हा अर्धे खरे आहे. उरलेला अर्धा दोष उजव्या पायाचा आहे. चाक हवेत फिरू लागले की पाय उचलावा, ते थांबू द्यावे, आणि दगड रचून किंवा विंच लावून पुढे जावे. आपल्याकडच्या मेळाव्यांत गुरगुरणाऱ्या इंजिनाला टाळ्या पडतात, त्यामुळे हा सल्ला कुणाला रुचत नाही, याची मला कल्पना आहे.

प्रश्न : आमच्याकडे नांगरटीच्या वेळी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांत पाणी भरतात, त्याने चाक घसरत नाही. मग चिखलात घसरणाऱ्या बोलेरोच्या टायरांत पाणी का भरू नये?
— एक वाचक, लातूर

उत्तर : प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. अमेरिकेत खडक चढण्याच्या स्पर्धांतील काही चालक पुढच्या टायरांत पाणी भरतात, ते खड्या चढावर पुढचा भाग उचलला जाऊ नये आणि वजन खाली राहावे म्हणून. त्या गाड्या ट्रेलरवरून येतात आणि माणूस चालतो त्या वेगाने चढतात.

ट्रॅक्टर आणि आपली गाडी यांत मूळ भेद असा की ट्रॅक्टर मागे नांगर ओढतो. जमिनीचा विरोध नांगराच्या फाळावर ठरतो, ट्रॅक्टरच्या वजनावर नाही, म्हणून मागच्या चाकांत शंभर लिटरहून अधिक पाणी घातले की पकड वाढते आणि ओढायचा भार तेवढाच राहतो. गाडी ओढते ती स्वतःलाच. चढावर वजन वाढवले तर पकड जितकी वाढेल तितकाच वर न्यायचा भारही वाढेल, आणि घसरण्याचा कोन जिथल्या तिथे राहील. काळ्या रानात तर वजनाने चाक आणखी रुतते, उचलून येत नाही.

वर ट्रॅक्टरला मागे स्प्रिंग नसतात आणि त्याचा वेग ताशी तीस किलोमीटरच्या आसपास संपतो. बोलेरो औसा रस्त्याला ऐंशीने धावेल, ब्रेक लागताच ते पाणी आत हेलकावेल, आणि ट्यूबलेस टायर असेल तर डिस्क आतून गंजेल. पाणी ट्रॅक्टरलाच राहू द्यावे. बोलेरोची हवा शेताच्या बांधावर थोडी कमी करावी आणि डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी न चुकता भरावी.

प्रश्न : पावसाळ्यात शेतरस्त्यावरून आल्यानंतर दुसऱ्या दिवशी हायवेला ७०-८० च्या वेगाने स्टिअरिंग थरथरते. दोनदा बॅलन्सिंग केले. टायर जड असल्याने असे होते का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : आपल्या पत्रातील ‘दुसऱ्या दिवशी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. चाकांची आतली बाजू पाहिली आहे का? काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातून परतताना माझ्याही गाडीचे स्टिअरिंग असेच थरथरू लागले आणि बेअरिंग गेले या समजुतीने मी चाक काढायला लावले. चाक उलटे केले तर डिस्कच्या आतल्या ओठाला वीतभर लांबीचा काळ्या मातीचा पोळा चिकटलेला, वाळून विटेसारखा टणक झालेला, आणि त्यात तुरीचे एक धसकट रुतलेले. बाहेरून गाडी स्वच्छ धुतलेली होती.

काळी माती ओली असताना सगळीकडे सारखी चिकटते. गाडी रात्रभर उभी राहिली की ती खाली ओघळून एका जागी जमते आणि वाळते, म्हणून त्रास दुसऱ्या दिवशी सुरू होतो. दोनशे ग्रॅमचा असा गोळा ताशी ८० किलोमीटरला सुमारे तेरा किलोंच्या जोराने चाकाला बाहेर खेचतो, आणि तेही सेकंदाला नऊ-दहा वेळा, दर फेरीला वेगळ्या दिशेने. त्या मातीसकट बॅलन्सिंग केले असेल, तर मशीनने मातीच्या विरुद्ध बाजूला वजने लावली असणार. पुढे माती गळून पडली की वजनेच त्रास देऊ लागतात. दोनदा करूनही फरक न पडण्याचे कारण बहुधा हेच असावे. गाडी धुताना पाण्याचा फवारा आरपार, आतल्या बाजूला मारावा, जुनी वजने काढावीत आणि मग एकदाच बॅलन्सिंग करावे. चिकटवण्याची वजने आतून पुसलेल्या, कोरड्या डिस्कवरच टिकतात.

टायरच्या जडपणाचा संबंध इतकाच की जड टायरमध्ये मुळातली विषमताही अधिक असू शकते. एवढे करूनही थरथर राहिलीच, तर स्टिअरिंगचे जोड आणि बेअरिंग तपासून घ्यावेत. वरून स्टिअरिंग डॅम्पर बसवून थरथर दाबून टाकण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो तपासणीच्या आधी मानू नये.

प्रश्न : मोठे टायर घेतल्यापासून मागच्या दाराचा खडखडाट होतो आणि दार लावताना थोडे उचलावे लागते. स्टेपनी जुन्याच मापाची ठेवली तर चालेल का? आणि आरटीओची काही अडचण?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दाराच्या बिजागऱ्या कंपनीच्या स्टेपनीचे वजन धरून बनवलेल्या आहेत, आणि दार उघडे असताना वाढलेले आठ-दहा किलो त्यांना लांबून ओढतात. बिजागऱ्यांचे बोल्ट आवळून आणि कुलपाचा खटका किंचित सरकवून बहुतेकदा काम भागते. चौकटीच्या पत्र्याला बिजागरीजवळ केसाएवढी चीर दिसली, तर मात्र स्टेपनी दारावरून हलवून बंपरला जोडलेल्या वेगळ्या चौकटीवर न्यावी.

जुन्या मापाची स्टेपनी जवळच्या दुकानापर्यंत टू-व्हीलमध्ये जाण्यापुरती ठीक आहे. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांची ओढ, लावू नका. थार आणि जिम्नीत पुढच्या-मागच्या शाफ्टांमध्ये फरक सामावून घेणारा डिफ्रन्शियल नाही, त्यामुळे एका चाकाचा व्यास वेगळा असेल तर कठीण रस्त्यावर सगळी यंत्रणा एकमेकींविरुद्ध पिळली जाते. त्यातही गाडीला मागे लॉकर (दोन्ही चाकांना एकाच वेगाने फिरायला लावणारी सोय) असेल तर लहान चाक पुढे बसवा, म्हणजे पुढचे एक चांगले चाक मागे आणावे लागले तरी तो उपद्व्याप करा.

कायद्याविषयी : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले आहे. आपल्या मॉडेलच्या कोणत्याही प्रकाराला कंपनी जे माप देते, ते घेणे सर्वांत निर्धोक. टायर चाकाच्या कमानीबाहेर डोकावत असतील तर पोलीस, विमा कंपनी आणि मागून येणाऱ्या गाडीच्या काचेवर उडणारे खडे या तिन्ही बाजूंनी तक्रार येऊ शकते. ऑफसेट (डिस्क हबला टेकते ती जागा तिच्या रुंदीच्या मध्यापासून किती सरकलेली आहे ते अंतर) बदलणारी डिस्क घेण्यापूर्वी, आहे त्या डिस्कच्या मागे कोरलेला ‘ईटी’चा, म्हणजे याच ऑफसेटचा, आकडा लिहून न्या.